जुन्नरच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

लेणी म्हटली की आपल्या तोंडी अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, कान्हेरी ही नावे येतात. जुन्नरचे नाव मागे पडते. वास्तविक पुणे जिल्ह्यातील या लहानशा शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा असे त्यांचे गट आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ येथे छिन्नी-हातोडा चालत होता. कोकणातून नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग जुन्नरवरून जात असे. त्या वाटेने माल आला, माणसे आली आणि भिक्खुसंघही आला.

या लेण्यांवर आपल्या साप्ताहिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. आज लेण्यांबरोबरच त्यांच्याच कातळाला धरून राहणाऱ्या एका झुडपाची ओळख वाचकांना करून द्यायची आहे. हे झुडूप महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते. जगात दुसऱ्या कोठेही ते रानात सापडत नाही. त्याचे नाव शिंदळ माकुडी.

लेण्याद्री ते शिवनेरी

वर्षावास संपत आला असताना आमच्या विहारातील उपासक-उपासिका व मुले मिळून आम्ही जुन्नरला गेलो. पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नर सुमारे पंचाण्णव किलोमीटर आहे. सकाळी प्रथम लेण्याद्री गाठली. खाली कुकडी नदी, पायथ्याला गोळेगाव आणि वर तीनशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्या संपल्या की एका ओळीत लेणी लागतात. सहा क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. कल्याणच्या सोनाराचा मुलगा सुलसदत्त याने ते दान दिले, असे तेथील शिलालेख सांगतो. शेजारचे सात क्रमांकाचे लेणे हा मोठा विहार आहे. मध्ये एकही खांब नाही आणि भोवती भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. आज तेथे गणपतीचे देऊळ आहे व अष्टविनायकाचे यात्रेकरू येत असतात. मुलांना या खोल्या दाखवाव्यात. दगडी ओटा, दाराची चौकट, बाहेर पाण्याचे टाके, एवढेच त्या माणसांचे घर होते.

जुन्नरचे शिलालेख वाचले म्हणजे हे काम कोणी केले ते कळते. येथे राजांपेक्षा साधी माणसे अधिक आहेत. सोनार आहेत, अमात्य आहेत, व्यापारी आहेत, परदेशातून येऊन उपासक झालेले यवन आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दान दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मंडप व पोढी दिली. परका म्हणून कोणाचे दान नाकारले गेले नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ पाहण्यास निघाले असता दौलताबादच्या किल्ल्यातील हौदाच्या पाण्यावरून त्यांना अपमान सोसावा लागला होता. लेण्यांतील त्या पोढी पाहताना ही आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दुपारी शिवनेरीवर गेलो. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म येथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. त्यामुळे गडाची ओळख सर्व महाराष्ट्राला आहे. परंतु गडाच्या कड्यांत बौद्ध लेणी आहेत, हे गड पाहून आलेल्या अनेकांनाही माहीत नसते. भाद्रपदातील ऊन-पावसात कडा ओला होता. फटींतून तेरडा फुललेला होता. तेथेच वाटेपासून थोडे दूर, उभ्या कातळाच्या चिरेतून काही मांसल फांद्या खाली लोंबत होत्या आणि त्यांवर गडद तांबडी, चांदणीच्या आकाराची फुले आली होती.

कोणत्या ठिकाणी ते मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे कळेलच.

आमच्यातील एका मुलीने लगेच विचारले, "आजी, एक तोडू का?"

आजी म्हणाल्या, "नको बाळा, हात नको लावू. लांबूनच बघ."

तेवढ्यात आमच्या बरोबरचे एक उपासक म्हणाले, "फूल छान आहे, पण याचा उपयोग काय? औषध होते का?"

हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. या झुडपाची माहिती कोणालाही सांगा, पहिला प्रश्न हाच येतो. त्याच्याकडे आपण परत येऊ. आधी झुडूप नीट पाहू.

झुडपाची राहणी

शिंदळ माकुडी ही आपल्या रुईच्या नात्यातील वनस्पती आहे. खोड बोटाएवढे जाड, गोल, फिकट हिरवे आणि पाण्याने भरलेले असते. फांद्या कड्यावरून खाली लोंबतात किंवा दगडावर पसरतात. पाने जाडसर असतात. फूल रुपयाच्या नाण्याएवढे, पाच पाकळ्यांचे, गडद किरमिजी रंगाचे, त्यावर पिवळे ठिपके-पट्टे आणि कडेला बारीक लव. मातीची तिला फारशी गरज नाही. दगडाच्या फटीत साठलेली चिमूटभर माती पुरते.

माकडशिंगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती आपल्याकडे माळरानावर आढळतात. गुराखी पोरे त्यांची कोवळी खोडे खातात. त्या गटात खोड हेच सर्व काही असते. पाने नावापुरती असतात किंवा नसतातच. या साऱ्या गटात पानांचा खरा संसार मांडणारी एकटी शिंदळ माकुडी. त्यामुळे जगभरातील वनस्पतीशास्त्रज्ञांना तिचे कुतूहल वाटते.

या पानांचे गुपित १९७७ साली लांगे व झुबर या शास्त्रज्ञांनी उलगडले. बहुतेक झाडे दिवसा हवा आत घेऊन अन्न तयार करतात. त्या वेळी त्यांची सूक्ष्म छिद्रे उघडी असतात आणि त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. निवडुंगासारख्या कोरड्या मुलखातील वनस्पती छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. शिंदळ माकुडीत या दोन्ही तऱ्हा एकत्र नांदतात. तिची पाने दिवसा काम करणारी, तर खोड रात्री काम करणारे. पावसाळ्यात पाणी मुबलक असते तेव्हा पाने फुटतात आणि भराभर अन्न तयार होते. पाऊस गेला की पाने गळून पडतात आणि खोड काटकसरीने आठ महिने निभावून नेते. चैत्र-वैशाखात तो कातळ हात लावू देत नाही इतका तापतो. तेव्हा हे झुडूप वाळक्या काड्यांसारखे दिसते, पण मेलेले नसते.

फुलांचीही अशीच गंमत. हिच्या गटातील फुलांकडे मधमाश्यांपेक्षा साध्या माश्या जास्त येतात. रुईप्रमाणे हिचे पराग सुटे नसतात. ते पुडीत बांधलेले असतात. माशीच्या अंगाला ती पुडी चिकटायची आणि दुसऱ्या फुलात बरोबर त्याच खाचेत जाऊन बसायची, तेव्हा कोठे शेंग धरते. म्हणून रुईच्या नात्यातील झाडांना फुले पुष्कळ आणि शेंगा थोड्या असतात. शेंगा जोडीने येतात. त्या तडकल्या की रुईच्या म्हातारीसारखे रेशमी शेपटीचे बी वाऱ्यावर निघते. कड्यावरून उडालेल्या बीला पुन्हा कड्याचीच फट सापडली तरच ते रुजणार. बहुतेक बी वाया जाते.

नाव कोणी ठेवले?

१८६५ साली निकोलस डालझेल या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ते मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात होते. त्यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला होता. गिब्सन यांच्याकडे जुन्नरजवळच्या हिवरे येथील सरकारी बागेचे काम होते. म्हणजे जुन्नरचा आणि वनस्पतिशास्त्राचा संबंध तसा जुना आहे. डालझेलने झुडपाला नाव दिले ते त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे, 'फ्रेरिया इंडिका'. आता शास्त्रज्ञ हिला 'बौसेरोशिया' या गटात धरतात, तरी 'फ्रेरी' हा शब्द नावात राहिलाच आहे.

साहेबाने आपल्या साहेबाचे नाव दिले. गावच्या बोलीतील नावातही 'शिंदळ' हा शब्द आहे, जो बाईमाणसाला शिवी म्हणून वापरला जातो. नावे दुसऱ्याने ठेवायची आणि ती आपण जन्मभर वागवायची, हे आपल्या समाजाला नवे नाही. कचरू, धोंडू, केरू अशी नावे आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत घरोघर होती. डॉ. बाबासाहेबांच्या चळवळीने आपल्याला माणूसपण दिले, तेव्हा आपण मुलांची नावे बदलली. झुडपाला तक्रार करता येत नाही. निदान नावावरून त्याची किंमत ठरवू नये.

धोका कशाचा?

बराच काळ ही वनस्पती फारच थोड्या जागी माहीत होती. नंतरच्या शोधांत पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरचा परिसर, रंधा धबधबा अशा आणखी काही ठिकाणी ती आढळली. तरीही सारी मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठिकाणे. प्रत्येक ठिकाण दुसऱ्यापासून दूर आणि मध्ये शेते, गावे, रस्ते. एका कड्यावरील झाडे गेली तर दुसऱ्या कड्यावरून बी उडून येईल, अशी आशा करता येत नाही.

पहिला धोका वणव्याचा. पावसाळ्यानंतर डोंगरावरचे गवत वाळते. कोणी नवीन गवत चांगले यावे म्हणून, कोणी विडी टाकून, तर कोणी नुसती गंमत म्हणून ते पेटवतो. आग कड्याच्या फटीपर्यंत जाते. दुसरा धोका बांधकामाचा. वाट रुंद करणे, कठडे बसवणे, दरड काढणे, दगड साफ करणे ही कामे चांगल्या हेतूने होतात. परंतु 'साफ' करताना फटीतील झुडूपही गवत समजून खरवडले जाते. तिसरा धोका हौशी माणसांचा. देशोदेशीच्या बागवानांना हे झुडूप हवे असते. फांदी तोडून लावली तर ते कुंडीत सहज जगते, म्हणून मोह जास्त. केंद्र सरकारने ज्या २९ वनस्पती रानातून गोळा करून परदेशी पाठवण्यास बंदी घातली, त्या यादीत शिंदळ माकुडीचे नाव आहे. कायदा आहे, पण कड्यावर पहारा कोण ठेवणार?

आता त्यात आणखी एक गोष्ट आली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात शिवनेरी आहे. ही आनंदाची बाब आहे. गडावर पाहुणे वाढतील, सोयी वाढतील. त्याच वेळी गडाच्या कातळावर राहणाऱ्या या वारशाचीही कोणी तरी आठवण ठेवली पाहिजे. लेणीही त्याच कातळात आहेत. कातळ राहिला तर दोन्ही राहतील.

जपणूक कशी चालते?

निराश होण्याचे कारण नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागाने आणि शिरवळजवळ शिंदेवाडी येथील नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने या झुडपावर काम केले आहे. फांद्यांपासून रोपे होतात. प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनानेही रोपे तयार करण्यात यश आले आहे. म्हणजे वनस्पती अगदी नाहीशी होईल ही भीती पूर्वीइतकी नाही.

पण येथे एक गोष्ट समजून घ्यावी. एका झाडाच्या शंभर फांद्या लावल्या तर शंभर झाडे होत नाहीत, एकाच झाडाच्या शंभर नकला होतात. एखादा रोग आला तर साऱ्यांना एकदम येतो. म्हणून निरनिराळ्या कड्यांवरील झाडे टिकली पाहिजेत आणि त्यांना बी धरले पाहिजे. कुंडीतले झुडूप जिवंत असते, परंतु त्याचा कडा, त्याची माशी, त्याचा वारा त्याच्याजवळ नसतो. आपले लोक गावकुसाबाहेरून शहरात आले, चाळींत राहिले, नोकऱ्या केल्या आणि जगले. तो आपला निर्णय होता. झुडपाला निर्णय घेता येत नाही. त्याला त्याच्याच जागी जगू देणे हीच त्याची खरी जपणूक आहे.

उपयोग काय?

आता उपासक बंधूंच्या प्रश्नाकडे येऊ. उपयोग काय?

जुन्नरच्याच एका शिलालेखात आदुथुम नावाच्या शक उपासकाने वडालिक गावातील वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुटक येथील नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी दान दिल्याची नोंद आहे. करंजाचे तेल दिव्याला होते, वडाची सावली होते. उपयोगी झाडे लावणे हे पुण्यकर्मच. परंतु धम्म तेथे थांबला नाही.

विनयपिटकात वर्षावासाचा नियम का आला ते सांगितले आहे. पूर्वी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. तेव्हा लोक म्हणू लागले, हे श्रमण हिरवे गवत तुडवतात, लहान लहान जीव मारतात. पाखरेसुद्धा पावसात घरट्यात राहतात आणि हे मात्र हिंडतात. ही तक्रार तथागतांच्या कानी गेली. त्यांनी लोकांचे म्हणणे मान्य केले आणि पावसाळ्यात भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, असा नियम केला. शिवाय आळवीच्या भिक्खूंनी झाडे तोडली तेव्हा वनस्पतींना इजा करणे हा दोष ठरवणारा वेगळा नियमही झाला. या दोन्ही नियमांत गवताचा उपयोग काय, झाडाला फळ येते की नाही, असे कोठेही विचारलेले नाही.

आता जुन्नरकडे पाहा. ही लेणी कशासाठी कोरली? पावसाळ्यात भिक्खूंना राहता यावे म्हणून. म्हणजे हिरवळ तुडवू नये या विचारातून जो नियम झाला, त्या नियमाला या कातळात घर मिळाले. त्याच कातळावर पावसाच्या पहिल्या सरींबरोबर शिंदळ माकुडीला पाने फुटतात. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो तेव्हा ती हिरवी होत असते. भाद्रपद-आश्विनात, पवारणेचे दिवस जवळ येतात तेव्हा ती फुललेली असते. आपली मंडळी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघतात, त्याच सुमाराचा तिचा हा हंगाम. आपल्याच लेण्यांच्या दारात ही हिरवळ संपू देणे आपल्याला शोभणार नाही.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही अरण्ये विनाकारण किंवा हिंसेसाठी जाळू नयेत, अशी आज्ञा आहे. बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाने वणव्याविरुद्ध दगडावर लिहून ठेवले. आजही तीच आज्ञा आपल्याला पाळायची आहे.

आणखी एक. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवण्याची रीत आपल्या पूर्वजांनी भोगली आहे. वेसकर म्हणून उपयोगी, मेलेले ढोर ओढायला उपयोगी, सांगावा पोचवायला उपयोगी. त्यापलीकडे त्यांची किंमत नव्हती. ज्यांनी हे सोसले, त्यांनी तरी कोणत्याही जिवाला 'तुझा उपयोग काय' असे विचारून त्याचे जगणे ठरवू नये.

धम्मसहलीला जाणाऱ्यांसाठी

जुन्नरला जरूर जावे, मुलाबाळांसह जावे. जाताना एवढे पाळावे.

कातळावरील कोणतेही फूल, फांदी, रोप तोडू नये. शिंदळ माकुडी दिसली तर लांबून पाहावी, फोटो काढावा, पण नेमकी जागा सर्वांना कळवत बसू नये. वनखात्याला किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना सांगावे.

लेण्यांत व गवताजवळ आगपेटी, मेणबत्ती, उदबत्ती पेटवू नये. धुराने लेण्यांचे छत काळे होते, गवत पेटण्याची भीती असते आणि या कड्यांवर आग्या मोहोळे असतात, ती उठतात. वंदना शांतपणे म्हणावी, तिला धुराची गरज नाही.

भिंतीवर नावे लिहू नयेत, 'जयभीम' सुद्धा लिहू नये. तो शब्द आपल्या वागण्यातून दिसावा.

सोबत आणलेला कचरा पिशवीत भरून परत न्यावा. वाट सोडून कड्याकडे चढू नये. दिवस असतानाच खाली उतरावे, कारण जुन्नरच्या परिसरात बिबट्यांचा वावर आहे.

महिला मंडळांनी आणि विहारांच्या बालवर्गांनी वर्षावासातील एखाद्या रविवारी लेणी आणि वनस्पती यांची एकत्र सहल काढावी. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या आपल्या शिक्षक बंधू-भगिनींना बरोबर घ्यावे. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर सुलसदत्ताची गोष्ट सांगावी, शिवनेरीवर पानांची आणि खोडाची गोष्ट सांगावी. आपल्या जिल्ह्यात अशी कोणती दुर्मिळ झाडे आहेत, याचीही मुलांनी चौकशी करावी. जुन्नर दूर पडत असेल तर आपल्या गावाजवळच्या लेण्यापासून सुरुवात करावी. मार्गशीर्षापासून होळीपर्यंत तेथील गवत पेटू नये म्हणून समता सैनिक दलाच्या आणि विहारांच्या तरुणांनी वनखात्याला साथ द्यावी, म्हणजे पुढच्या आषाढात त्या कड्यांवर पुन्हा हिरवळ येईल.